दोघं आल्यावर बोलू

रुपाली पहिल्यांदा आली ती एकटीच. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली होती, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या होत्या, आणि बाई सुक्या मासळीची पाटी पायाशी ठेवून कुटुंब सल्ला केंद्राच्या बाकावर बसली होती. दर्शनाने तिला आत घेतलं, पाणी दिलं, नाव विचारलं, नवरा काय करतो ते विचारलं. नवरा अनिल, ट्रॉलरवर खलाशी. बंदी संपेपर्यंत घरीच.

"ताई, बंदीत माजं काय खरं नसतं," रुपाली म्हणाली आणि पदर सावरून पुढे सरकली.

"थांबा," दर्शना म्हणाली. "पुढचं दोघं आल्यावर बोलू."

यात उर्मटपणा नव्हता. दर्शना मनाने चांगली होती, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. वाईट बाईने एवढं नुकसान केलं नसतं. आधी ती प्रत्येकाचं एकेकटं ऐकून घ्यायची. बायकोचं ऐकलं की नवरा म्हणायचा, तुम्ही तिच्या बाजूच्या, आणि चपला घालून चालू लागायचा. मग पुण्याला एक मोठं शिबिर झालं. तिथे सांगितलं की कुटुंब ही एक व्यवस्था आहे, तिच्यात दोषी कोणी नसतो. एकाचं वागणं दुसऱ्याला ढकलतं, दुसऱ्याचं पहिल्याला. सल्लागाराने कोणाची बाजू घ्यायची नाही, कोणाचं गुपित पोटात ठेवायचं नाही, जे काय बोलायचं ते दोघांसमोर. दर्शनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं तर एवढ्यासाठी घाट चढायचं कारण नव्हतं. टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपल्याकडे शेजारणीसुद्धा सांगतात. थोबाडीत मात्र एकाच हाताने बसते, ते कोणी सांगत नाही.

शिबिरात तेही सांगितलं होतं, खोटं कशाला बोला. जिथे मारहाण असेल तिथे नवरा-बायकोला एकत्र बसवू नका, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आणि दर्शनाला ते पाठ होतं. पण मार आहे की नाही हे कळायला आधी एकटीला विचारावं लागतं. विचारायच्या आधीच दर्शनाने तिला थांबवलं होतं. रुपालीने पाटी उचलली, "बरं" म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात दोघं आली. अनिल इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आला होता. पाऊस होता तर छत्री त्याने बायकोच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतःचा एक खांदा भिजवून घेतला होता. दर्शनाला ते फार आवडलं. बसताना त्याने हात जोडले. "ताई, माजं चुकतंय. राग येतो मला. पण का येतो त्ये पण बगा. दर्यावर आठ-आठ दिस जायचं, घरी आलो की मी पाव्हणा. घर हिचं, पोरगी हिची, मी कोण?"

कुठल्याही सल्लागाराला गहिवरून यावं असं बोलणं होतं ते. पुरुष इतकं बोलत नाहीत. दर्शनाने त्याचे आभार मानले आणि तिच्या हातातला सगळ्यात लाडका प्रश्न काढला. चमत्काराचा प्रश्न म्हणतात त्याला. भांडणं उगाळत बसायचं नाही, सरळ हवं ते विचारायचं.

"रुपाली, समजा आज रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि तुमच्या घरातलं सगळं दुखणं नाहीसं झालं. सकाळी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल?"

अनिल रुपालीकडे वळून बसला, हसून म्हणाला, "सांग की. ताई इचारतायत."

"हे घरी असतील," रुपाली म्हणाली.

दर्शनाला वाटलं, गाठ सुटली. तिने अनिलकडे पाहिलं, अनिलचे डोळे भरले होते. मग देवाणघेवाणीचा करार झाला, म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याला हवं ते एक द्यायचं. अनिलने बोट सोडायची. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात त्याचा मामा होता, तिथे दिवसाची नोकरी लागत होती. रुपालीने मासळीची पाटी बंद करून घर सांभाळायचं. बाजारात कोण कोण हिच्याशी हसून बोलतं, त्याने त्याच्या डोक्याला ताप होतो, एवढंच त्याचं मागणं. दर्शना क्षणभर थबकली. पण बाजू घ्यायची नसते. "रुपाली, तुम्हाला चालेल?" तिने विचारलं, आणि रुपाली म्हणाली, "चालंल."

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या, अनिल राहिला. पाठपुराव्याला दोघं वेळेवर येत. "कसं चाललंय?" "बरं हाय." रुपाली वाळली होती, पण कोकणातल्या बाया वाळलेल्याच असतात, असं दर्शनाला वाटलं असावं. जिल्ह्याच्या बैठकीत तिने नावं न घेता ही केस सांगितली. लोकांनी माना डोलावल्या.

दिवाळीच्या आधी दर्शना कामासाठी सरकारी दवाखान्यात गेली होती. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर रुपाली दिसली. हात प्लास्टरमध्ये, एक डोळा बंद झालेला. शेजारी स्टुलावर बसून अनिल तिला चमच्याने पेज भरवत होता. पोलिसांनी जबाब घेतला होता तोही अनिल तिथे बसलेला असताना: नळावर पाय घसरला.

दर्शनाने अनिलला नर्सच्या नावावर खोटंच सांगून खाली औषधाच्या दुकानात पाठवलं. पहिल्यांदाच ती रुपालीचं एकटीचं ऐकायला बसली.

"मला आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. तोंडातून शब्द गेल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली.

रुपाली रागावली नाही. तिला तेवढा वेळ नव्हता. ती दाराकडे बघत भराभर बोलली.

"तो बोटीवर जायचा तवा मी जगायची. बोट सुटली की पोरीला पोटाशी घेऊन गाढ झोपायची. पाटी घेऊन बाजारात बसायची, चार बायांत हसायची. येऊन एक रात मारायचा, परत जायचा. बंदीत लय व्हायचं, म्हणून आली होती, की बंदीपुरतं मला आईकडं पावस गावाला ऱ्हाऊ द्या असं त्याला कोणीतरी सांगा. तुमी चमत्काराचं इचारलंत. माजा चमत्कार म्हंजे डोळे उघडले तर बोट गेलेली. त्याच्या तोंडावर ते कसं सांगू?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यातलं तोंड दाबायचं काम दर्शनाने स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि वर त्या माणसाला हक्काने घरी आणून बसवलं होतं.

"काय करू सांगा," ती म्हणाली. "तक्रार करू या?"

"नको. त्याला बोटीवर पाठवा परत. एवढंच करा."

दर्शना तशीच बंदरावर गेली. अनिलच्या जुन्या बोटीवरचा मुख्य, तांडेल केरू, जाळं पसरून बसला होता. तिने त्याला विनवलं. केरूने मान हलवली. "त्याची जागा गेली, बाय. मोसमाच्या तोंडाला सोडून गेला तो. आता नेपाळी पोरं घेतलीत मी, ती सोडणार नाय. आणि बाकीच्या तांडेलांना पण ठावं हाय. कोणी घेणार नाय त्याला."

संध्याकाळी ती परत वॉर्डात आली. अनिल चहा आणायला गेला होता. जागा भरली, हे तिने रुपालीला सांगितलं. रुपालीने डोळे मिटले. मग दर्शना तिच्या कानाशी वाकली. निवारागृहात बोलणं झालं आहे. गाडी येईल. पोरीला घेऊन निघायचं. कधी, ते तुम्ही सांगा.

रुपाली म्हणाली, "आज सोडतायत मला. उद्या तो कामावर गेला की. पोरगी सासूजवळ हाय, मी घरी गेल्याबिगर हातात यायची नाय. पण त्याला वास लागला तर उद्या तो कामावर जायचा नाय. आणि मग मी पण ऱ्हायची नाय, ताई."

एवढ्यात अनिल तीन कप घेऊन आला. एक त्याने अदबीने दर्शनाच्या हातात दिला.

"काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही," दर्शना म्हणाली. "हात किती दिवस असा ठेवायचा, ते विचारत होते."

तो स्टुलावर बसला. तिच्याकडे बघत राहिला, हसतमुखाने. "ताई, तुमीच सांगा हिला. मी बदललोय का नाय? दारू नाय, बोट नाय. चोवीस तास हिच्याजवळ. सांगा की."

इतकी वर्षं दर्शना बायकांना खुर्चीत बसवून म्हणत आली होती, मोकळेपणाने बोला, इथे कोणी काही म्हणणार नाही. त्या खुर्चीत बसणं कसं असतं हे तिला आत्ता समजलं. अनिल वाट बघत होता, आणि त्याच्या पलीकडून रुपालीचा उघडा डोळा तिच्यावर खिळला होता.

"हो," दर्शना म्हणाली. "बराच बदल आहे."

"बग," अनिल बायकोला म्हणाला. मग उठला. "डॉक्टरांनी आजच घरी न्यायला सांगितलंय. रिक्षा उभी केलीय खाली."

आज रात्र राहू द्या, असं दर्शनाच्या ओठांवर आलं. ते ती बोलली असती तर त्याने का म्हणून विचारलं असतं. तिने रुपालीची साडी घडी घालून पिशवीत भरली, औषधं वरती ठेवली, कोणती कधी घ्यायची ते अनिलला समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. जिन्यावर त्याने बायकोला आधार द्यायला हात धरला, तो नेमका प्लास्टरमधला धरला, आणि रुपालीने तोंडातून आवाज काढला नाही. दर्शना वरच्या पायरीवर उभी राहून हसऱ्या चेहऱ्याने हात हलवत राहिली, कारण रिक्षात बसताना तो मागे वळून बघत होता.