खंडेनवमीला थांबलेली मोटार

आमच्या ह्यांनी, कमळाकरांनी, उभा जन्म जळलेल्या विजेच्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरण्यात घालवला. उल्हासनगरातले सिंधी शेठसुद्धा ह्यांना दाखवल्याशिवाय जुनी मोटार घेत नाहीत. सून स्वप्नाली अंबरनाथच्या कारखान्यात इंजिनीअर. तिनं तिथल्या मोठ्या पंपाचा जुना तेलाचा स्विच काढून नवा व्हॅक्यूमचा बसवला, आणि पंपाची मोटार जळायला लागली. ती भरून देणारे आमचे हेच! जळायची कारखान्यात, धूर खरवईला माझ्या स्वयंपाकघरात.

"तारेची वाइंडिंग कच्ची असेल, बाबा," स्वप्नाली म्हणायची.

"कच्ची? माझी?" एवढंच बोलून हे ताटावरून उठायचे. माणसानं भांडावं तर पुरतं भांडावं. अर्ध्यावर तोंड मिटलं की घरभर नुसती धुसफूस, आणि निस्तरायची मी.

मोटार पुन्हा जळली तेव्हा मॅनेजरनं बजावलं, आता जळली तर काम दुसऱ्याला. ह्यांचं जेवणच तुटलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मात्र हे पुरतं भांडले.

"चालताना एकदा तरी जळली का गो ती? बंद करून परत चालू करता, तवाच जळते! तुमची बंद करायची रीतच वाईट!"

स्वप्नालीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मग तिनं मला समजावलं. धावतं पाणी खाडकन अडवलं की पाइप दणका देतो ना, तसं. नवा स्विच वाहती वीज मध्येच तोडत होता, त्या दणक्यानं तारेचं आवरण फुटत होतं, आणि परत चालू केली की मोटार जळत होती. तिनं दणका पचवणारी एक पेटी आणवली आणि भरलेल्या मोटारीबरोबर बसवली. तरी मोटार थांबवायची कोणाची छाती होईना. ती आपली चालूच.

पण खंडेनवमीला चालत्या मोटारीला हार कसा घालणार? आम्हीही पूजेला गेलो. मोटार थांबली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. "चालू करा," मॅनेजर म्हणाला, आणि सगळे नाक वर करून वास घेत उभे. धुराचा वास आला! ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

उदबत्ती होती. मोटार मस्त चालत होती.

"वाइंडिंग पहिल्यापासून पक्कीच होती, सर," स्वप्नाली सगळ्यांसमोर म्हणाली. "चूक माझी. स्विचबरोबरच पेटी लावायला हवी होती."

परतताना रिक्षात हे मला म्हणाले, "काशे, हिला सांग..." आणि तोंड मिटलं.

"बाजूलाच बसलीय. पुरतं बोला."

ह्यांनी घसा खाकरला. "माझं नाव राखलंस गो पोरी."

स्वप्नाली हसली. रडले मी.