शेंदराखालचा दिवा

यंत्रालाही आत्मा असतो, आणि योग्य गुरू भेटला तर त्याचाही उद्धार होतो. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात हा उद्धार दर गुरुवारी, बाजाराच्या मैदानात, गाडी चालू ठेवून केला जात असे. गाडी बंद असली तर आत्म्याला करंट मिळत नसे.

गुरूंचं नाव रामजी. महाराज म्हटलेलं त्यांना आवडत नसे, सर म्हणा, म्हणत. अंगात काळा टी-शर्ट, कपाळाला गंध, मांडीवर लॅपटॉप. कफनी घातलेल्या माणसाकडे आता आमच्याकडचे लोक जरा संशयानं बघतात, ही जिल्ह्याची वैचारिक प्रगती. लॅपटॉपवाल्याकडे अजून कोणी तसं बघत नाही.

सेनगावच्या आणि हिंगोलीच्या जीपा मैदानात ओळीनं लागलेल्या असत. भोवती माणसं, पोरं, भजीवाला. मधूनच एखादा ट्रॅक्टरवाला विचारून जाई, "सर, आमच्या जुन्या ट्रॅक्टरला व्हते का हे?"

"त्याला मेंदू नाही," सर म्हणत. ट्रॅक्टरवाला घरच्या माणसाबद्दल ऐकल्यासारखं तोंड करून निघून जाई.

मग माइक हातात घेऊन सर सुरू होत. "कंपनी काय करते? गाडी बनवते आणि तिच्या मेंदूत बंधन टाकते! घोडे बांधून ठेवते! का? तुम्ही डिझेल जाळावं म्हणून! मी काय करतो? मी काहीच करत नाही. मी फक्त दोरी सोडतो. मेंदूत सात मॅप असतात, शरीरात सात चक्रं असतात. हा योगायोग आहे का?"

"न्हाई!" गर्दी म्हणे. योगायोग कशाचा कशाशी, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

मग स्टेअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ जी वायर जोडायची जागा असते, तिथं सर आपली वायर लावत. लॅपटॉपवर हिरवी अक्षरं धो धो वाहत. मग ती वायर काढून तिथं काडेपेटीएवढी हिरवी 'संस्कार चिप' बसवत. तिचा दिवा लुकलुकू लागे. शेवटी मीटरच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, अंगठ्यानं शेंदराचा जाड टिळा. नियम दोनच. टिळा पुसायचा नाही. आणि चिप काढून कोण्या मिस्त्रीला तिथं वायर लावू द्यायची नाही, परकी वायर लागली की संस्कार उडतो.

आता खरं सांगायचं, तर चमत्कार होत असे. मी तो पाहिला, कारण मी आतच बसलो होतो. गाडी धर्मसिंगची. धर्मसिंग गावाबाहेरच्या तांड्यावरचा, हिंगोली लाइनचा जुना ड्रायव्हर. त्याच्या जीपचा पिकअप एकाएकी गेला होता. मैदानाला लागूनच असलेल्या तांड्याच्या चढावर निम्मे पॅसेंजर उतरून चालायचे आणि जीपच्या आधी वर पोचायचे. सरांनी वायर लावली, चिप बसवली, टिळा लावला, आणि तीच जीप भरल्या पोटी चढ चढून गेली. वर पोचल्यावर धर्मसिंगनं स्टेअरिंगला हात जोडले. मला पर्यायी स्पष्टीकरण सुचलं नाही. मी पदवीधर आहे, पण इतिहासाचा.

चमत्कार आठवडाभर टिकला. मग जीप पुन्हा कण्हू लागली.

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. पण धर्मसिंगच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर सोजराबाई बसत. आमच्या गल्लीतल्या पुंजाजींची बायको. दोन्ही किडन्या गेलेल्या, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हिंगोलीला डायलिसिस. आमच्या लाइनचा कायदा असा, की जीप भरल्याशिवाय हलत नाही, मग तुम्ही परीक्षेला चाललेले असा नाहीतर लग्नाला. या कायद्याला अपवाद एकच. मंगळवार-शुक्रवारी धर्मसिंगची पहिली गाडी सोजराबाई बसल्या की सुटायची, रिकामी असली तरी. हे कोणी ठरवलं नव्हतं, धर्मसिंगनंच सुरू केलं होतं.

संस्कार उतरल्यानंतरच्या मंगळवारी जीप वाटेत चालण्याच्या वेगावर आली. पोचेपर्यंत सोजराबाईंचा नंबर गेला होता. मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेली. त्या परत आल्या तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते. दुसऱ्या दिवशी कसाबसा नंबर मिळाला.

गुरुवारी धर्मसिंग पुन्हा सरांच्या ओळीत. बाजाराला आलेल्या सोजराबाई तिथंच बाकड्यावर टेकल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी आकांक्षा, पुण्याला नोकरीला असते, आईसाठी रजा टाकून आलेली.

"पथ्य मोडलं का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. टिळ्याला बोट न्हाई लावलं. चिप बी तशीच हाय."

सरांनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. "पुढच्या सीटवर कोण बसतं?"

धर्मसिंग अडखळला. "हे... सोजराबाई. दवाखान्यात नेतो त्यांना."

"आजारी माणूस!" सरांनी डोळे उघडले. "अरे, पुढची सीट म्हणजे मेंदूच्या शेजारची. आजार यंत्रात उतरतो. त्यांना बसवू नको."

"मागं बसवू का मंग?"

"गाडीतच नको."

दोन-चार माणसांनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीपासून ठाऊकच होतं. धर्मसिंग बाकड्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, उद्याच्याला दुसरी गाडी बघता का? माझी गाडी बंद पडली त लेकरायनं काय खावं?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुसरी गाडी म्हणजे भरल्यावर सुटणारी गाडी.

आकांक्षा उठली. "धर्मसिंगकाका, जरा मला बघू द्या."

"तुम्ही मिस्त्री आहात?" सर हसले.

"नाही. छंद आहे."

आकांक्षा आणि तिची चार-पाच मित्रमंडळी भंगारातून इंजिनांचे कॉम्प्युटर, म्हणजे सरांच्या भाषेत मेंदू, विकत आणतात. खोकं उघडायचं, आतली सगळी आकडेमोड उतरवून घ्यायची. हजारो आकडे, आणि कोणता कशाचा हे कंपनी सांगत नाही. मग एक आकडा बदलायचा, इंजिन चालवायचं, काय फरक पडला ते बघायचं. फरक पडत नाही. मग दुसरा आकडा. असं करत करत कुठला तक्ता (यालाच मॅप म्हणतात) डिझेलचा आणि कुठला हवेचा हे कळतं, आणि मग गाडी आपल्याला हवी तशी बसवता येते. याला किती दिवस लागतात, असं मी नंतर विचारलं, तर ती म्हणाली, "धर्मसिंगकाकांच्या गाडीत जे खोकं आहे, त्याच्यामागं आम्ही दोन वर्षं आहोत. निम्मं अजून कळलेलं नाही." हे सांगताना तिला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

"म्हणजे मॅप बदलता येतो, हे मान्य आहे ना?" सरांनी गर्दीकडे बघत विचारलं.

"येतो की. तुम्ही या गाडीत कोणता आकडा बदलला, तेवढं सांगा."

"ती गुप्त विद्या आहे."

"बरं. आणि त्या हिरव्या अक्षरांत तुमच्याच लॅपटॉपमधल्या फायलींची नावं आहेत. मघाशी त्यात 'साखरपुडा व्हिडिओ' गेला."

मागून कोणीतरी हसलं. सरांनी लॅपटॉप मिटला. "चिप काढली तर गाडी जागेवर बंद पडेल. जबाबदारी माझी नाही."

धर्मसिंग दारात आडवा उभा राहिला. "आकांक्षाताई, तुमचं शिक्षण मोठं हाय. पण मला रिस्क नको. टिळ्याला हात लावू नका."

एवढ्यात सोजराबाई हळूहळू चालत आल्या. पुढचं दार उघडलं आणि रोजच्यासारख्या आपल्या सीटवर चढून बसल्या. दम खाल्ला.

"धरमसिंग, मी बसल्यानं तुझी गाडी मेली का?"

"सर म्हणून राहिले, अक्का."

"तू काय म्हणून राहिला?"

धर्मसिंग खांद्यावरच्या रुमालानं पुढची काच पुसू लागला.

"मला उतरवायचं त उतरव. पण बराबर कारण सांग. ह्या टिळ्याखाली काय हाय?"

"काहून? काच हाय."

सोजराबाईंनी पदराचं टोक तोंडानं ओलं केलं, वाकल्या आणि मीटरवरचा शेंदूर पुसून काढला. गर्दीतून "अर्रर्र" असा आवाज आला. काही बंद पडलं नाही. इंजिन घुरघुरतच होतं. शेंदराच्या जागी काचेआड इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लखलखत होता.

"हा कवापासून लागला?" धर्मसिंग वाकून बघू लागला.

"पिकअप गेला तेव्हा दिसला होता का?" आकांक्षानं विचारलं.

"तवा व्हता की. सरांनी संस्कार केला अन गेला."

"आणि पुन्हा लागला. पण तोवर त्याच्यावर टिळा होता."

तिनं चिप ओढून काढली. गाडी चालूच. पान्याच्या टोकानं चिपचं खोकं उकललं आणि ते हातोहात फिरवलं. आत लुकलुकणारा दिवा होता आणि तो लुकलुकावा एवढ्यापुरतं सामान. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या ज्या पिना असतात, त्या नुसत्याच खोचलेल्या, त्यांना आतून तार नव्हती.

"आता मी चमत्कार करते," ती म्हणाली, पण अशा आवाजात की कोणाला टाळी वाजवावीशी वाटली नाही. तिनं पर्समधून आपली वायर काढून लावली, फोनवर एक बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. "काका, चढावर जाऊन या."

जीप सोजराबाईंसह निघाली, आणि चढ शर्यतीतल्या बैलगाडीसारखी चढून गेली. गर्दी ओरडली. सरही क्षणभर टाळी वाजवायच्या बेतात होते.

"परत येईपर्यंत दिवा लागेल आणि गाडी पुन्हा मरेल," आकांक्षा म्हणाली.

जीप उतरून वळली, दुसऱ्यांदा चढू लागली आणि निम्म्यावर कण्हायला लागली. धर्मसिंगनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "लागला वो, लागला!"

मग तिनं समजावून सांगितलं. इंजिनाला जाणारी हवा कुठंतरी गळत होती. कॉम्प्युटरच्या ते लक्षात आलं, त्यानं दिवा लावला आणि इंजिन फुटू नये म्हणून जोर कमी केला. सर वायर लावून ती तक्रार नुसती पुसायचे, म्हणून जोर परत यायचा. गळती तशीच, उलट वाढत चाललेली, म्हणून तक्रार पुन्हा, आधी आठवड्यानं, आता एका चढात. ती दिसू नये म्हणून टिळा, आणि कोणाला वाचता येऊ नये म्हणून चिप. "गाडी तुम्हाला सांगत होती, काका. तुम्ही तिच्या तोंडावर शेंदूर फासला."

बॉनेट उघडलं. तिनं धर्मसिंगला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि हात फिरवत गेली. एका काळ्या पाइपापाशी फुस्स आवाज येत होता. पंक्चरवाल्याकडून ट्यूबची पट्टी आणून तिनं तो आवळून बांधला. नवा हिंगोलीत मिळणार होता.

सर तोवर निघाले होते. त्यांना कोणी अडवलं नाही. ओळीतल्या एका ड्रायव्हरनं तर त्यांच्या गाडीला धक्का दिला, ती स्टार्ट होत नव्हती.

मला वाटलं, आता लोक विचार करतील. एक जण पुढं आला. "आकांक्षाताई, तुमचं बटण आमच्या गाडीला बी दाबा."

"दिवा लागलाय का?"

"न्हाई. पण बरकत येईल."

तिनं वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली.

वाचकहो, माझं म्हणणं मोठं नाही. कोणी तुम्हाला एखादी गोष्ट झाकून ठेवायला सांगितली, तर ती आधी उघडून बघा. आणि दोष पुढच्या सीटवरच्या आजारी माणसाचा आहे असं कोणी म्हणालं, तर बॉनेट उघडा. शिक्षण नसलं तरी चालतं, पदराचं टोक पुरतं.

शुक्रवारी सोजराबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि जीप सुटली. मशीन वेळेवर मिळाली. सर आता डोंगरकडा गावच्या बाजारात बसतात, असं ऐकतो.

धर्मसिंगनं नवा पाइप बसवला आणि जुना फेकला नाही. तो पुढच्या बंपरला लिंबू-मिरचीशेजारी टांगलाय, गाडीला पुन्हा नजर लागू नये म्हणून. मी आकांक्षाला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "असू द्या. रबर आहे, जुनं झालं की तडकतं."