मला पळती चाके लावली तेव्हा

मी एक जुना पांगुळगाडा आहे, मित्रांनो, आणि भयंकर चिडलेला आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे, उसासे टाकत आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असते. ती माझ्याकडून पुरी होणार नाही. माझ्या बाबतीत काय घडले ते ऐका, म्हणजे तुमचेही डोके तापेल. तापलेच पाहिजे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी घराचे दार मोडीत निघाले होते, त्याच्या फळ्यांतून त्याने मला घडवले. एक चौकट, तीन चाके आणि धरायला आडवा दांडा, एवढाच माझा संसार. नव्याने उभे राहणारे मूल तो दांडा धरते, मला ढकलते आणि माझ्यामागून एकेक पाऊल टाकते. म्हणून सुताराने माझी लाकडी चाके मुद्दाम घट्ट बसवली होती. जोर लावला की मी कुरकुरत वीतभर सरकायचो आणि थांबायचो. मूल सावरून पुन्हा जोर लावेल, तेव्हा पुन्हा वीतभर. लोक त्याला मंदपणा म्हणतील, पण तेच माझे काम होते. रूप मात्र बेताचेच होते, ते नाकारत नाही.

एके दिवशी एक मामा दुकानात आले. त्यांच्या बहिणीची मुलगी नुकतीच भिंतीला धरून उभी राहू लागली होती. ती गोलमटोल होती, म्हणून घरात तिला सगळे गोटी म्हणत. गोटीच्या आत्याने तिला गाणारा हत्ती दिला होता, आणि मामांना त्या हत्तीवर मात करायची होती. भेट बघून चारचौघांनी तोंडात बोट घातले पाहिजे, असे ते सुताराला म्हणाले. गोटीला काय हवे, हे ना त्यांनी सांगितले, ना सुताराने विचारले.

मामांनी मला एका बोटाने ढकलून पाहिले. मी जागचा हललो नाही.

"जाम झालाय हा," मामा म्हणाले. "गाडा कसा पळाला पाहिजे. बॅगांना असतात ना, तसली चाकं लावा याला."

सुताराला सगळे ठाऊक होते, मित्रांनो. मला घट्ट त्यानेच तर केले होते. तरी गिऱ्हाईक नाराज व्हायला नको म्हणून त्याने मूग गिळले, माझी चाके काढून टाकली आणि नुसत्या फुंकरीने धावतील अशी रबरी चाके बसवली. वर पिवळाधमक रंग, दांड्याला घंटी आणि चकचकीत फीत. मामांवर माझा राग आहेच, पण सुतारावर जास्त आहे. मामांना कळत नव्हते. याला कळत होते.

गोटीच्या घरी माझे काय ते कौतुक झाले! आत्याचा चेहरा पडला आणि मामांची छाती फुगली. गोटीची आई तेवढी मला पुढेमागे करून पाहत राहिली. गाडा फारच हलका फिरतोय, असे ती म्हणाली. तू लहानपणापासूनच भित्री, असे म्हणून मामांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले.

मग सगळ्यांनी फोन सरसावले आणि गोटीला माझा दांडा धरून उभे केले. फरशी आरशासारखी गुळगुळीत होती. तिने आनंदाने जोर लावला आणि मी सुटलो. तिचे हात माझ्याबरोबर पुढे आले, पाय मागेच राहिले. मला थांबायचे होते, जीव तोडून थांबायचे होते, पण थांबण्याची माझी सोयच त्या लोकांनी काढून टाकली होती. गोटी तोंडावर आपटली. माझ्याच चौकटीच्या कडेने तिची हनुवटी फुटली. डॉक्टरांना टाके घालावे लागले.

आणि दोष कुणाला मिळाला? गोटीला! पोरीचे पाय अजून कच्चे आहेत, असे मामा म्हणाले. तिच्याच वयाचा आतेभाऊ घरभर धावतो, असे आत्या म्हणाली. मला अपशकुनी ठरवून बाल्कनीत टाकण्यात आले. माझे सोडा, मी लाकूड. पण गोटीने उभे राहणेच सोडले. भिंतीजवळ नेले तरी ती पाय दुमडून बसायची आणि आईचा पदर घट्ट धरायची. येणारेजाणारे तिला मंद म्हणू लागले. आई ऐकून घ्यायची आणि आत जाऊन रडायची. दिवसामागून दिवस गेले, तरी गोटी काही उभी राहिली नाही.

एका दुपारी आईने डोळे पुसले आणि मला आत आणले. जुन्या चादरीच्या चिंध्या फाडून तिने माझ्या चाकांच्या फटींत गच्च कोंबल्या. चौकटीवर रद्दीचा गठ्ठा बांधला. मग ती स्वतः जमिनीवर बसली, गोटीएवढी झाली, आणि तिथून मला ढकलून पाहिले. मी वीतभर सरकलो आणि थांबलो. तिने मला खोलीच्या मधोमध ठेवले आणि गोटीला काही म्हटले नाही.

गोटी कित्येक दिवस लांबूनच रांगत जायची. मग एकदा जवळ आली, घंटी वाजवून रांगतच पळाली, परत आली. शेवटी तिने दांडा धरला आणि उठली. मी कुरकुरलो, वीतभर सरकलो, थांबलो. तिने पाऊल टाकले. त्या वेळी कुणीही फोन काढला नाही, कारण खोलीत फक्त तिची आई होती, आणि डोळ्यांतल्या पाण्याने तिला समोरचे काही दिसत नव्हते.

गोटी घरभर चालू लागली, तेव्हा मामा पुन्हा उगवले. शेजारीण आपले तान्हे बाळ घेऊन आली होती. आमच्या गाड्यावरच पोर चालायला शिकली, असे मामा तिला ऐटीत सांगू लागले. तुम्हीही अस्साच पळता गाडा घ्या, असा सल्लाही देऊन झाला. मग, या चिंध्यांनी सगळी शोभा घालवली, असे म्हणत ते वाकले आणि माझ्या चाकातली चिंधी ओढू लागले.

आईने गोटीला उचलले आणि तिची हनुवटी मामांच्या डोळ्यांसमोर धरली. टाक्यांचा व्रण अजून लालसर होता.

"दादा, तुझी भेट ही बघ," ती म्हणाली. "चिंधीला हात लावू नकोस."

मामांनी तो व्रण तोपर्यंत एकदाही नीट पाहिला नव्हता. त्यांनी चिंधी सोडली. शेजारणीने आपल्या बाळाला छातीशी धरले आणि गाडा कुठून आणला, हे काही विचारले नाही.

मित्रांनो, लहान मुलासाठी भेट घ्यायला जाल तेव्हा दुकानात उभ्याने निवड करू नका. खाली बसा. ती वस्तू मुलाच्या हातात, तोंडात, पायाशी काय करील ते बघा. देखणी असू दे, माझी हरकत नाही, पण आधी ती मुलाच्या कामाची असू दे. आणि चारचौघांत तुमचीच वाहवा व्हायला हवी असेल, तर हार विकत घ्या, स्वतःच्या गळ्यात घाला आणि आरशासमोर उभे राहा. लेकराचे रक्त त्यासाठी सांडू नका.