रंग धरणारा देह

प्रयोगशाळेत मावशीला ‘मॅडम’ म्हणायचं, ही अट मावशीनंच घातली होती आणि भाचीनं ती आजवर इमानेइतबारे पाळली होती. त्या दुपारी मात्र तिच्या तोंडून "मावशी" असं निघून गेलं आणि आजूबाजूच्या मंडळींनी वळून पाहिलं.

घडलंच तसं होतं. वॉर्डमधल्या एका तान्ह्या बाळाची गुणसूत्रं तपासायची होती. बाकीच्या काचपट्ट्या बिघडल्या होत्या, ही एकच छान उतरली होती. भिंगाखाली पाहताना वर घातलेलं तेल काढायला भाचीनं ती भांड्यात बुडवली, फोनवर बोलत राहिली, आणि मग लक्षात आलं की भांडं भलतंच, स्पिरिटचं होतं. भिंगाखाली पाहिलं तर सगळं कोरं. आता रक्तासाठी बाळाला पुन्हा टोचायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला ते सांगायचं कुणी?

मावशी रागावली नाही, याचीच भाचीला जास्त भीती वाटली.

"क्रोमोसोम म्हणजे काय गं?" मावशीनं विचारलं.

भाचीनं केंद्रक, आनुवंशिकता, सगळं घडाघडा म्हणून टाकलं.

"ते काय करतं ते नको. शब्दाचा अर्थ सांग."

"ग्रीक आहे. क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे देह."

"मग रंग गेला. देह कुठे गेलाय?"

एरवी साऱ्या जगाला नावं ठेवणारी मावशी हे नाव ठेवणाऱ्याचं मात्र तोंड भरून कौतुक करायची. त्या काळी पेशीतल्या या दांड्यांसारख्या गुणसूत्रांचं काम काय ते कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं. आव आणून भारदस्त नाव देता आलं असतं, पण त्या माणसानं दिसलं तेवढंच सांगितलं. रंग धरतो तो देह. असा प्रामाणिकपणा आपल्याला एका अहवालात तरी जमतो का, असं ती म्हणायची.

भाचीनं रंगाचं भांडं पुढे ओढलं. पट्टी पुन्हा रंगवली, धुतली, वाळवली. भिंगाखाली आधी नुसतं जांभळट धुकं होतं. बारीक स्क्रू फिरवला आणि बाळाची गुणसूत्रं एकेक करून समोर आली, होती तिथेच. तिला रडू फुटलं.

"मावशी..."

"मॅडम," मावशी म्हणाली आणि भाचीचा फोन आपल्या खणात टाकला.

अहवाल संध्याकाळी मिळेल, हे सांगायला भाची बाहेर गेली. बाळाची आई उठून उभी राहिली.

"त्याला पुन्हा टोचावं लागेल का हो?"

"नाही," भाची म्हणाली. "दिलंत त्यातच आहे सगळं."