टिन बकेटचा पाय

“ह्यात तुझा पाय कुठाय?” अर्लीननं विचारलं, आणि तेही चारचौघांत.

तिच्या नवऱ्यानं, क्लोव्हिस टेटनं, कान टवकारले. शिकागोच्या पश्चिमेकडल्या त्या गुत्त्यात भर दुपारी तबकडी फिरत होती. ब्लूजची गाणी काढणारी टिन बकेट कंपनी पन्नास वर्षांची झाली, म्हणून निवडक गाण्यांची नवी तबकडी निघाली होती. पहिलंच गाणं क्लोव्हिसचं. म्हणजे गाणारा दुसरा, गिटारवाला तिसरा, दोघंही केव्हाच मातीत गेलेले. पाय तेवढा क्लोव्हिसचा.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ड्रमवाल्याचे ड्रम गहाण पडले होते, आणि क्लोव्हिस तिथं गादी पोचवायला आला होता. कंपनीच्या मालकानं, मर्विननं, संडासाचं दार उचकटून जमिनीवर टाकलं. “आपट पाय ह्यावर,” म्हणाला. क्लोव्हिसनं असा आपटला, की खालच्या खाटकाकडे टांगलेली डुकरं तालावर माना हलवू लागली. डुकरांना मुंडकीच नव्हती असं खाटीक म्हणायचा, पण खाटकाचं कोण ऐकतो? पुढं क्लोव्हिसनं जन्मभर गाद्याच वाहिल्या. मात्र न्हाव्याकडे, चर्चमध्ये, स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यानं हा पाय लोकांना ऐकवला. एकच गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या कडव्यात बुटाची टाच उडाली होती आणि एक ठोका हुकला होता.

आज गिटार काचेसारखी लख्ख वाजत होती. पाय नव्हता.

“बंधू टेट,” चर्चमधल्या सिस्टर बोल्डन म्हणाल्या, “पायाची बस चुकली वाटतं.”

आता कंपनी मर्विनची मुलगी चालवायची. क्लोव्हिसनं तिला गाठलं. “व्हर्नेल, माझा ठोका कुठं गेला?”

“ती धडधड? ती तुमची होती, काका? मला वाटलं, खालच्या दुकानातला गोंगाट. मशीननं जुन्या टेप स्वच्छ करून घेतल्या ना.”

“स्वच्छ? मी काय जळमट होतो?”

“पण तुमचं नाव छापलंय की. हे बघा. पाय: क्लोव्हिस टेट. जुन्या वेष्टनावर होतं तसंच उतरवलं. मला वाटलं, बाबांची थट्टा असेल.”

“नाव घेऊन काय करू? नाव वाजतं का?”

“माल दुकानांत गेला, काका. आता नाही काही व्हायचं.”

क्लोव्हिस तणतणत मर्विनकडे गेला. म्हातारा स्पीकरला तळहात टेकवून बसला होता. दोन्ही कानांनी ठार बहिरा, यंत्र खिशात.

“तुझ्या पोरीनं माझा पाय पुसला,” क्लोव्हिस त्याच्या तोंडासमोर ओरडला.

“पुसला कुठं? आहे की.” मर्विननं हात उंचावून खूण केली. “पहिलं परत लावा रे.”

गाणं पुन्हा सुरू झालं. मर्विन दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर आपटू लागला. “हा बघ. हा बघ. घोडा आहेस लेका.”

“अरे बहिऱ्या, तुला काय डोंबल ऐकू येतंय?”

“गप. ऐकू दे.”

क्लोव्हिसनं चडफडत खुर्ची ओढली. आता वरच्याकडेच तक्रार करायची राहिली होती, पण तिकडे टिन बकेट कोण ऐकत असेल? दुसरं कडवं संपलं. तिसरं लागलं. मर्विनचं बोट वर गेलं, आणि एक ठोकाभर तिथंच थांबलं.

क्लोव्हिसनं टेबलाखाली टाच उचलून धरली. बोट खाली आलं, तेव्हा त्यानंही ती टेकवली.