घरच्यांच्या पायातलं

सुकलाल रबर अँड लेदरला पंच्याहत्तर वर्षं झाली आणि हेमलताच्या भावाला, दीपकला, घराण्याचा इतिहास सांगायची हुक्की आली. आजोबांनी धुळ्यात ट्रकच्या जुन्या टायरचे तळ कापले, वर चामड्याचे पट्टे ठोकले आणि चपला विकल्या, एवढाच तो इतिहास. पण दीपकने त्यात त्याग घातला, तपश्चर्या घातली आणि 'रबर-चामडं आमच्या रक्तात आहे' असं माईकवर ठोकून दिलं. अहो, हा गडी कारखान्यात यायचा तो पंख्याखाली बसून चहा प्यायला!

कारखाना चालवायची हेमलता. तिचं सगळं लक्ष पहिल्या रांगेतल्या जीवराम नानांकडे होतं. पिंपळनेरच्या त्यांच्या शेतकरी संघाला शेताला पाणी भरणाऱ्या मजुरांसाठी गमबूट घ्यायचे होते. ते काम हातचं गेलं तर कारखान्याची दुसरी पाळी बंद पडणार होती. भाषण कसलं ऐकतेय, ती मनातल्या मनात गमबुटांचा भाव जुळवत होती.

आजोबांच्या फोटोची पूजा होती म्हणून सगळ्यांनी चपला-बूट दाराबाहेर काढले होते. कार्यक्रम आटोपल्यावर नाना बाहेर आले आणि त्या ढिगापाशीच थबकले.

"ताई, यातलं तुमच्या कारखान्यातलं कोणतं?"

हेमलताने पाहिलं. दीपकचे परदेशी बूट. वडिलांच्या, म्हणजे पितांबरशेठच्या, डॉक्टरने सांगितलेल्या मऊ सपाता. वहिनीच्या मुंबईच्या सँडल. आधी तिला हसूच फुटलं, बरी जिरली सगळ्यांची! मग स्वतःचे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज दिसले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारखान्याचा एकच जोड होता तिथे, नानांच्या जुन्या चपलांचा.

तिने दाराशी टेबलावर मांडलेले नमुन्याचे गमबूट ओढले आणि पायात चढवले. "हे बघा नाना!"

"हाई ठीक शे," नाना अहिराणीत म्हणाले. "आता संध्याकाळपर्यंत काढू नका. मग फोन करा. तुम्ही घ्या म्हणालात तर घेतो."

दुपारीच टाचा सोलून निघाल्या. संध्याकाळी ती लंगडत घरात शिरली, तर दीपक सोफ्यावर पाय पसरून बसलेला.

"हो म्हणून टाक ना. मजुरांना सवय असते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्यासमोरच फोन लावला.

"नाना, आत्ता घेऊ नका. आधी बुटाची टाच सुधारते. मग महिनाभर आमचा दीपक घालून हिंडेल. तो म्हणाला घ्या, तरच घ्या."