नवतप्यातला पाहुणा

मेअखेरचे नऊ जळते दिवस, म्हणजे नवतपा, लागला की भंडाऱ्यात दुपारी कावळासुद्धा उडत नाही, आणि नेमका त्याच दिवसांत जर्मनीचा साहेब हातमाग बघायला निघाला. त्याच्या मुलखात उन्हाळा म्हणजे फिरायचा मोसम. इथंही तसंच असेल असं त्या भल्या माणसानं गृहीत धरलं.

विणकर नंदलालला धास्ती होती, पण ती उन्हाची नव्हती. साहेबाच्या कंपनीला कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड हवं होतं, तेही विजेविना, धुराविना विणलेलं. तशी खूण कापडाला लावून ते तिकडे विकणार होते. गल्लीतले माग एकेक करून बंद पडत होते. ही ऑर्डर मिळाली तर नंदलालचा चालू राहणार होता. कंपनीची नागपूरची तृप्ती फोनवर म्हणाली होती, "भाऊ, घर साधं दिसलं पाहिजे." नंदलालने ते वाक्य गाठीला बांधलं. मागाला वीज लागतच नव्हती. वीज खायचा तो आतल्या खोलीतला एसी.

आता तो एसी काही हौसेचा नव्हता. गेल्या नवतप्यात त्याच्या आईला, शोभाताईंना, ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं आणि नंदलालला बजावलं, "अंग असं कोरडं पडलं म्हणजे जिवावरचं समज. पुन्हा झालं तर वाचतील असं सांगता येत नाही." तेव्हापासून उन्हाळ्यात म्हातारी दुपारची त्या खोलीतून हलत नसे.

"एका दुपारचा तं सवाल हाये," शोभाताईच म्हणाल्या. "मी बसतो मागापाशी. झाक ते मशीन."

नंदलालने नाही म्हणायला हवं होतं. त्याने घरातलं सगळ्यात देखणं करवतकाठी पातळ काढलं आणि एसीवरून भिंतीवर टांगलं.

साहेब तृप्तीबरोबर आला तो टोमॅटोसारखा लाल होऊनच. शोभाताईंनी आधी त्याच्या खिशात कांदा घातला, ऊन लागू नये म्हणून. त्याने तो काढून हुंगला, फार आभार मानले आणि परत जपून ठेवला. मग मागाचे फोटो, धोट्याचे फोटो, आतल्या भिंतीवरच्या पातळाचेसुद्धा फोटो.

पन्हं पिता पिता साहेब बोलत सुटला आणि तृप्ती मराठीत सांगत गेली. "ते म्हणतात, त्यांच्या देशाचा गाड्या-कारखान्यांचा धूर उतरतोय, आपला चढतोय. एक दिवस सगळे देश बरोबरीला येतील."

"विहिरीच्या शिडीवर एक उतरून राहिला अन् एक चढून राहिला, तं मधात कोणाले तरी वाट द्या लागते," शोभाताई म्हणाल्या. "ते कोण देईन, पूस ना त्याले."

तृप्तीने विचारलं. साहेबाने खांदे उडवले. तिकडेही यावरूनच भांडणं चालतात, म्हणाला, आणि हसत उठला. उठला तो तसाच डोळे फिरवून मागाच्या खड्ड्याशी आडवा झाला.

"पातळ ओढ! मशीन लाव!" शोभाताई ओरडल्या.

नंदलाल क्षणभर थबकला. पडलेल्या माणसासमोर त्याच्या मनात ऑर्डर आली, याची त्याला नंतर फार लाज वाटली. त्याने पातळ ओढलं, एसी लावला. त्याने आणि तृप्तीने साहेबाला आत आईच्या खाटेवर निजवलं, शर्ट काढला, अंगावर ओलं फडकं टाकलं. तृप्तीने भिंतीकडे पाहिलं.

"अहो भाऊ, आजारी माणसासाठी एसी असला तर चालतो. त्यांना फक्त मागाचं बघायचं होतं. लपवलंत कशाला?"

नंदलालने फडकं पुन्हा भिजवून टाकलं. तो दाराशी आला. "आई, चल आत. गारव्यात बैस."

"परका माणूस उघडा निजला अन् मी तेथी जाऊन बसू? काहीबी काय बोलतं? दार लाव, गारवा बाहीर येऊन राहिला. पाहुण्याचा जीव सांभाळ पहिले."

त्याने दार लावलं. साहेब दोनदा ओकला, मग थरथरला, मग निवला. तळपायाला कांदा चोळ, साखर-मिठाचं पाणी पाज, यात दुपार कशी गेली ते कळलं नाही. उन्हं कलली तेव्हा साहेब उठून बसला आणि त्या मशीनकडे बघत तृप्तीशी बराच वेळ बोलला.

"ऑर्डर तुमचीच," तृप्ती म्हणाली. "ते म्हणतात, घरात एसी आहे हे मी स्वतः सांगेन आणि का आहे तेही सांगेन. आज त्याच्यामुळेच वाचलो, म्हणाले."

नंदलालला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तो धावतच बाहेर आला.

"आई, भेटली ऑर्डर!"

शोभाताई खांबाला टेकून बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हात मांडीवर. नंदलालने पुन्हा हाक मारली. मग त्याने कपाळाला हात लावला. चटका बसला. घाम नव्हता. गळ्याशी पाहिलं, पाठीशी पाहिलं, कुठंच नव्हता.

त्याने आईला दोन्ही हातांवर उचललं आणि खोलीकडे वळला. साहेब दारातच उभा होता, दोन्ही हात जोडून, आभार मानायला.

"वाट द्या!" नंदलाल ओरडला. "साहेब, वाट द्या!"

साहेबाला मराठी येत नव्हती. तो तसाच दारात उभा राहून तृप्तीकडे बघू लागला.